गिटारच्या कमरेवर बसेल असं मशीन

माझी सून गिटारी बनवते. हे मी कोणालाही पहिल्या दोन वाक्यांत सांगते, समोरच्याला ऐकायचं असो वा नसो. भाजीवाल्यालाही सांगून झालंय. त्याने विचारलं, "वाजवते का?" मी म्हटलं, "वाजवणारे गल्लोगल्ली सापडतील. ही बनवते." तेव्हापासून तो मला बघितलं की कांदे निवडायच्या निमित्ताने खाली वाकतो.

मी शिवणकाम करणारी बाई. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, म्हणून नवे कपडे शिवणं सोडलं, पण पँटी आखूड करणं, चेन बदलणं अजून चालू आहे. मागच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आणि भिंतीपाशी सुनेचं टेबल. ती खोली आधी माझी एकटीची होती. आता माझ्या कपड्यांवर तिचा भुसा आणि तिच्या गोंदात माझे दोरे. यावरून आमची भांडणं होतात असं म्हणता येत नाही, कारण भांडायला दोघी लागतात आणि ती बोलतच नाही. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. माझ्या मुलाने लग्नाआधीच तिचं नाव 'मुंगी' ठेवलं आणि तेच घरात रुळलं. मला ते नाव पटतं. मुंगीचा आवाज होत नाही, पण साखर कुठे आहे ते तिला बरोबर ठाऊक असतं.

आधी ती फक्त दुरुस्ती करायची. कोणाच्या गिटारची मान मोडलेली, कोणाची खुंटी सैल झालेली. फावल्या वेळात स्वतःची एक गिटार जुळवत होती, शिकण्यासाठी म्हणून. गल्लीच्या टोकाला गिटार शिकवणारे मास्तर राहतात, ते एकदा दुरुस्तीचं काम घेऊन आले. टेबलावरच्या अर्धवट गिटारकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अशीच एक मला करून द्या. माझ्या हाताच्या मापाने." त्या दिवशी मुंगी रात्रीच्या जेवणात मीठ घालायला विसरली आणि आम्ही सगळे मुकाट्याने जेवलो.

मास्तरांची गिटार जोडून होत आली होती, तेव्हा तो घोळ झाला. गिटारचा डबा, म्हणजे तिचं पोकळ अंग, चिकटवून तयार झाला की त्याच्या वरच्या आणि खालच्या काठाने एक बारीक खाच पाडतात आणि तिच्यात लाकडाची पट्टी बसवतात. दिसायला छान दिसतंच, शिवाय डबा कुठे आपटला तर काठ फुटत नाही. उशीच्या कडेला आम्ही पायपिंग लावतो, तसंच ते. ही खाच पाडायला राउटर लागतो. हातात धरायचं मशीन, पोटात मोटर आणि खाली गरगर फिरणारं पातं. मुंगीने तो फर्निचरवाल्या काकांकडून मागून आणला होता. मोठा, दोन्ही हातांनी धरायचा, दारं-कपाटं करणाऱ्यांचा.

मी तेव्हा माझ्या मशीनवर होते. मागे आवाज चालू होता आणि एकाएकी तो बदलला. सुई बटणावर आपटली की माझ्या मशीनचा होतो तसा. वळून बघितलं तर गिटारची कमर जिथे आत वळते तिथे बाजूचं लाकूड अंगठ्याएवढं उडालेलं. मुंगीने मशीन बंद केलं, वायर गुंडाळली, भुसा झाडला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

संध्याकाळी आमचे चिरंजीव आले आणि हसत म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्याला वाटलं, चेष्टा केली की तिला हलकं वाटेल. मी त्याला म्हटलं, "तुला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही. तू अंगणात उतरूच नकोस." मुंगीने माझ्या टेबलावरची लोखंडी पट्टी उचलून ती गिटारच्या पाठीवर आडवी ठेवली. पट्टी दोन्हीकडे डुलायला लागली.

"ही सपाट नसते," ती म्हणाली. "मुद्दाम थोडी फुगीर ठेवतात. त्याने ताकद येते, आवाजही सुधारतो. मोठ्या मशीनचा बेस, खालची बैठक, या फुगवट्यावर चढतो आणि मशीन कलतं. मी दाबून धरलं होतं, पण कमरेपाशी वळताना माझा हात पुरला नाही."

म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं. चिरंजीवांनी पट्टी दोनदा स्वतः ठेवून बघितली आणि मग चहा करायला उठले. आमच्या घरात माफी मागायची ती पद्धत आहे.

मुंगीने त्याच फळीच्या उरलेल्या लाकडातून दुसरा डबा केला. ते लाकूड आता संपलं होतं. डबा तयार झाला, वाळला, आणि एक दिवस जेवताना तिने सांगितलं, "काका म्हणालेत, त्यांच्या कारखान्यात टेबलाला बसवलेलं मशीन आहे. त्यावर ते काठाची खाच पाडून देतील. सोमवारी दुपारी डबा न्यायला येतील."

"आणि मग गिटार कोणाची?" मी विचारलं.

"मास्तरांची."

"ते मला कळतं गं. बनवली कोणी?"

तिने पानातला घास इकडचा तिकडे केला. "आई, मी दुरुस्तीच बरी. ही एवढी देऊन टाकते मास्तरांना आणि थांबते. दुसऱ्याच्या वस्तूत बिघडलेलं सुधारायचं, त्यात बिघडायची भीती नसते."

मला पुढचा घास गेला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक. पण ही ताक पिणंच सोडायला निघाली होती. मी नवीन शिकणाऱ्या मुलींना रडताना पाहिलंय, चिडताना पाहिलंय, कात्री फेकताना पाहिलंय, त्या सगळ्या पुढे शिकल्या. शांतपणे 'मी थांबते' म्हणणारी पुन्हा येत नाही. आणि ही थांबली असती तर मी भाजीवाल्याला तोंड दाखवलं नसतं.

"सोमवारला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "उद्या दुकानात जाऊ. तुझं स्वतःचं मशीन घे, तुझ्या हाताचं. फुटक्या डब्यावर चालवून बघ. नाही जमलं तर काका आहेतच."

तिने तो घास आधी संपवला. मग म्हणाली, "फुटका डबा बरोबर न्यावा लागेल." मी तिला आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी फुटका डबा माझ्या जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही तिघं अवजारांच्या दुकानात गेलो. चिरंजीव गाडी चालवायला. दुकान लांबट होतं. दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत ड्रिल, करवती, पाने आणि मध्ये ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास. दुकानदार जाडजूड आणि हसतमुख. त्याने आम्हा दोघींना वगळून थेट चिरंजीवांना विचारलं, "बोला साहेब, काय हवंय?"

"मला काही नको," चिरंजीव म्हणाले. "मी फक्त गाडी आणलीय."

"छोटा राउटर दाखवा," मुंगी म्हणाली.

"हां, ट्रिमर. ताई, तुमच्यासाठी एकदम हलका देतो. घरगुती वापर ना?"

"घरगुती वापराला आमच्याकडे झाडू आहे," मी म्हटलं. "तिला कामाला हवंय." दुकानदाराने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि काउंटरवर चार मशीनं मांडली.

पहिलं एका मोठ्या पेटीत होतं. पेटीत मशीनबरोबर पट्ट्या, चाकं, जास्तीचे बेस, पान्यांचा जुडगा, आणखी काय काय. चिरंजीवांचे डोळे चमकले. "हेच घे. बघ ना, सगळं एकात." मला बॅटरीवर चालणारं आवडलं. वायरीच्या त्रासाने माझा जन्म गेलाय. इस्त्रीची वायर, मशीनची वायर, पायात अडकते ती वेगळीच. मी ते उचललं आणि मुंगीच्या हातात दिलं. "हे बघ. वायरीचा जाच नाही."

मुंगीने मान डोलावली. मग चादर उलगडली आणि फुटकी गिटार काउंटरवर पालथी ठेवली. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाईकं जवळ सरकली. एकाने विचारलं, "आता वाजवून दाखवणार का?" तिने लक्ष दिलं नाही. माझं बॅटरीवालं मशीन तिने बंदच ठेवून गिटारच्या काठावर उभं केलं, अगदी कमरेच्या वळणावर, अर्धा बेस लाकडावर आणि अर्धा हवेत. आणि हात सोडला.

ते लगेच कलंडलं. तिने हवेतच झेललं.

"बॅटरी वर बसते," ती मला हळूच म्हणाली. "डोकं जड होतं." मी ते मशीन पुन्हा काउंटरवर ठेवलं. वाईट वाटलं, पण दाखवलं नाही. पेटीतल्या मशीनचीही तीच गत झाली. त्याचा बेस रुंद होता, तो पाठीच्या फुगवट्यावर चढला आणि मशीन बाहेरच्या बाजूला झुकलं. चिरंजीवांनी पेटी मुकाट्याने बंद केली.

उरलेली दोन टिकली. दोन्ही वायरीची, दोन्ही मनगटाएवढी जाड. दुकानदार म्हणाला, "ही दोन्ही सारखीच. यात दिवा आहे, त्यात नाही. दिव्याचं घ्या." मुंगीने दोन्हीत पातं लावायला सांगितलं. मग पर्समधून लाकडी पट्टीचा तुकडा काढला, खाचेत बसते ती पट्टी. पात्याची खोली तिने त्या पट्टीवर जुळवली, स्क्रू आवळला आणि पुन्हा जुळवून बघितली. दिव्याच्या मशीनमध्ये स्क्रू आवळता आवळता पातं केसभर वर सरकलं होतं. तिने सैल करून पुन्हा केलं. पुन्हा सरकलं. दुसरं मशीन जिथे लावलं तिथेच राहिलं.

"केसभराने काय होतंय, ताई?" दुकानदार म्हणाला.

"पट्टी केसभर वर येते," मुंगी म्हणाली. "मग ती घासावी लागते, आणि घासताना वरची फळी पातळ होते. आवाज तिथूनच येतो."

तिने दुसऱ्या मशीनवर फक्त दोन बोटं ठेवली, जशी मी कापड सरकतंय का बघायला ठेवते, आणि दुकानदाराला बटण दाबायला लावलं. मशीन झटका न देता हळूहळू वेग घेत गेलं. तिची बोटं जागची हलली नाहीत. तिने डोळे मिटले होते. तो 'वाजवणार का' विचारणारा सगळ्यात पुढे येऊन उभा होता.

"हे द्या," ती म्हणाली.

दुकानदार आत गेला आणि नवीन सीलबंद खोका घेऊन आला. मुंगीने तो बाजूला सारला. "खोक्यातलं नको. हेच द्या."

"अहो ताई, हे नुसतं दाखवायला ठेवलेलं आहे. धूळ बसलीय, ओरखडा आहे. नवीन घ्या, दोन्ही एकच."

"असेल. पण ते मी बघितलेलं नाही. हे बघितलंय."

ओरखड्यावरून काहीतरी कमी करून घ्यावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. शिवणकामवाल्या बाईच्या रक्तातच असतं ते. पण मुंगी इतकी सरळ उभी होती की मला मध्ये बोलावंसं वाटलं नाही. दुकानदाराने फडक्याने मशीन पुसलं आणि पुसता पुसता विचारलं, आणि या वेळी चिरंजीवांना नाही, तिलाच, "तुम्ही काय करता, ताई?"

उत्तर द्यायला माझं तोंड उघडलंही होतं. ते मी मिटलं.

"गिटारी बनवते," मुंगी म्हणाली. आवाज नेहमीइतकाच बारीक, पण लांबट दुकानात शेवटच्या फळीपर्यंत गेला असेल. छाती भरून येणं म्हणजे काय ते मला तिथे, त्या ग्रीसच्या वासात कळलं. माझ्या पोटच्या मुलाच्या निकालांनी कधी तेवढी भरून आली नव्हती, अर्थात त्याचे निकाल बघता त्यात नवल नाही.

पुढचा दिवसभर घरात त्या मशीनचा आवाज होता. फुटक्या डब्याच्या काठाने ती फिरली, मग खाच थोडी खोल करून पुन्हा फिरली. मग प्लायवूडचे तुकडे गिटारच्या कमरेसारखे वळवून कापले आणि त्यांच्यावर फिरली. एकदम खोल न जाता थोडं थोडं खायचं, लाकडाच्या रेषा उलट्या आल्या की उलटीकडून यायचं, हे ती स्वतःशी पुटपुटत होती. माझ्याकडे आलेल्या तीन पँटींवर इतका भुसा बसला की मला त्या धुऊन द्याव्या लागल्या. मी काही बोलले नाही. चिरंजीवांना ते अशुभ वाटलं असावं, त्याने येऊन विचारलं, "तुला बरं आहे ना?"

सोमवारी सकाळी तिने मास्तरांचा डबा टेबलावर घेतला. काका दुपारी येणार होते. त्यांना नको सांगणारा फोन तिने केला नव्हता आणि मीही कर म्हटलं नव्हतं. ती खिडकीच्या उजेडात डबा फिरवून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, धराल?"

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आणि घोंगडीच्या तुकड्यावर ठेवलेला डबा दोन्ही हातांनी धरला. लाकूड हाताला कोमट लागलं. तिने मशीन काठावर ठेवलं, बटण दाबलं, आणि ते तळव्यातून माझ्या कोपरापर्यंत थरथरलं. वरचा काठ झाला. डबा पालथा केला. पाठीचा काठ सुरू झाला, तो फुगवटा, आणि मग ती कमर. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते, काय ते देव जाणे. मशीन वळणावर आलं, वळलं आणि पुढे गेलं. आवाज बदलला नाही.

तिने बटण बंद केलं तेव्हा आम्हा दोघींच्या भुवयांवर भुसा होता. मी अंगठ्याचं नख खाचेत घातलं आणि सगळा डबा फिरले, दोन्ही काठ. शिवण तपासायची माझी हीच रीत आहे. डोळे फसतात, नख फसत नाही. या नखाने मी लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा झगा उसवायला लावलाय, आणि तिच्या आईच्या शिव्या खाल्ल्या आहेत. नखाला कुठेही काही लागलं नाही.

"झालं," मी म्हटलं. "एकसारखं झालंय."

मुंगीने पट्टीचा तुकडा घेतला आणि खाचेत बसवत बसवत निघाली. कमरेपाशी, पाठीच्या बाजूला, ती थांबली. पट्टी काढली, पुन्हा बसवली. बोटाचं टोक फिरवलं.

"इथे उथळ आहे," ती म्हणाली. "थोडंसंच."

मी वाकून बघितलं. मला दिसलं नाही. पुन्हा नख घातलं, लागलं नाही. "अगं, कुठे आहे?"

"आहे, आई. वळताना मी जरा उचललं असणार."

म्हणजे मशीन पुन्हा लावावं लागणार होतं, आणि तेही नेमकं त्याच जागी, जिथे पहिल्या डब्याचा घास गेला होता. आता पुढे लाकूड नव्हतं. हात जरासा कलला असता तर मास्तरांची गिटार गेली असती आणि तिच्याबरोबर आमची मुंगीही दुरुस्तीत परत गेली असती, कायमची. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, जे म्हटल्याबद्दल मी आजवर कितीतरी मुलींना हाकलून दिलंय.

"राहू दे," मी म्हटलं. "गोंद भरेल. कोणाला दिसणार आहे? चालेल."

मुंगीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, ती मला स्पष्ट दिसली. माझ्याही होती, ती तिलाही दिसली असेल.

"नाही चालणार, आई," ती म्हणाली.

लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मी म्हणेन ती भाजी, मी म्हणेन तो पडदा. मला वाटायचं, गरीब आहे बिचारी. गरीब कसली, पोरगी शेराला सव्वाशेर निघाली. तिने दोन्ही हात कपड्याला पुसले आणि पात्याची खोली पट्टीवर पुन्हा जुळवून बघितली. मी डबा पुन्हा धरला, या वेळी अगदी घट्ट, पण दाबून नाही. मशीन काठावर बसलं. ती वळणाच्या अलीकडून निघाली, कमरेतून गेली, पलीकडे बाहेर पडली. अगदी बारीक, पिठासारखा भुसा माझ्या मनगटावर पडला. तेवढंच लाकूड राहिलं होतं तिथे.

तिने मशीन बंद करून वायर काढली. पट्टी बसवली, बोट फिरवलं, आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

"आता बघा," ती म्हणाली.

"तू बघितलंस ना?"

"हो."

"मग मी कशाला बघू?" मी म्हटलं, आणि काकांना फोन करायला गेले.